वाचकांचे प्रश्न : बॅटरी डिकीत हलवताना

१९६२ साली एसी कंपनीच्या हलक्या इंग्रजी गाडीत अमेरिकी शर्यतपटू कॅरोल शेल्बी यांनी फोर्डचं व्ही-एट (आठ सिलिंडरचं) इंजिन बसवून घेतलं आणि कोब्रा तयार झाली. त्याआधी पाच वर्षं, १९५७ मध्ये, लोटसचे संस्थापक कॉलिन चॅपमन यांची लोटस सेव्हन आली होती. या दोन गाड्यांच्या प्रतिकृती अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये हौशी लोक घरच्या गॅरेजात सुटे भाग जोडून बांधतात. त्यात मराठी मंडळीही आहेत. या वेळी आलेली बहुतेक पत्रं बॅटरीची जागा बदलण्याबद्दलची होती, म्हणून सगळं सदर त्यालाच दिलं आहे.

प्रश्न : कोब्राची प्रतिकृती बांधतो आहे. इंजिन फोर्डचं ५ लिटर व्ही-एट, बॉडी फायबरची, सांगाडा ४ इंची गोल नळ्यांचा. बॅटरी पुढे एक्झॉस्टच्या नळ्यांशेजारी आहे आणि उन्हाळ्यात फार तापते. ती डिकीत न्यायची आहे. केबल किती जाड घ्यावी? अर्थिंगसाठी सांगाडा चालेल का, की दुसरी केबलही पुढपर्यंत न्यावी? – वाचक, मिशिगन

उत्तर : बॅटरी हलवून वजनाच्या वाटणीत किती फरक पडेल, ते आधी पाहू. कोब्राच्या दोन ॲक्सलमधलं अंतर ९० इंच, म्हणजे साधारण २.२९ मीटर. १८ किलोची बॅटरी २.४ मीटर मागे नेली, तर पुढच्या चाकांवरचं सुमारे १९ किलो वजन मागच्या चाकांवर जातं. गाडी १,०५० किलोची धरली, तर हा फरक दोन टक्क्यांच्या आत राहतो. फायदा आहे, पण तुमच्या बाबतीत खरं कारण उष्णताच आहे, आणि तेवढं कारण पुरेसं आहे. मात्र बॅटरी मागच्या ॲक्सलच्या फार पलीकडे, अगदी शेपटाशी ठेवू नका. टोकाला वजन गेलं की वळणावर गाडी फिरायलाही आळस करते आणि फिरू लागल्यावर सावरायलाही. ॲक्सलला जितकं चिकटून बसवता येईल तितकं बरं.

आता केबल. सेल्फ मारताना असं इंजिन दीडशे ते अडीचशे अँपिअर ओढतं. आपण २०० धरू. वळणं-वाकणं धरून केबलची लांबी ४.५ मीटर होते. २५ चौरस मिमीच्या तांब्याच्या केबलचा रोध मीटरला सुमारे ०.७८ मिलिओम, म्हणजे ४.५ मीटरमध्ये ०.७ व्होल्ट गळतात. ३५ चौरस मिमीला ०.५, ५० ला ०.३५ आणि ७० ला ०.२५ व्होल्ट. बॅटरीच्या धन टोकापासून सेल्फपर्यंत आणि तिथून परत ऋण टोकापर्यंत सगळी मिळून घट अर्ध्या व्होल्टच्या आत राहिली पाहिजे. त्या हिशेबात ३५ ची केबल एकटीच सगळा वाटा खाऊन टाकते. तेव्हा ५० घ्या. अमेरिकी मापात ती १/० गेजच्या आसपास बसते. तुमच्याकडे दुकानात सहज मिळणारी २ गेजची केबल ३४ चौरस मिमीच्या जवळची असते. या कामाला ती अपुरी आहे.

वेल्डिंगची केबल मऊ असते, छान वळते, म्हणून पुष्कळ जण तीच वापरतात. पण तिचं रबरी आवरण तेल-पेट्रोलच्या संपर्कात फुगतं, मऊ पडतं. क्रॉसलिंक्ड पॉलिथिलिनच्या आवरणाची, १२५ अंश सेल्सिअसला टिकणारी गाडीची बॅटरी केबल घ्या. ती ताठ असते, वळवताना हात दुखतात, पण एकदा बसवली की वर्षानुवर्षं तिच्याकडे पाहावं लागत नाही.

सांगाडा अर्थिंगला चालेल का, याचं उत्तर नळीच्या मापात आहे. पोलाद तांब्यापेक्षा साधारण नऊपट वाईट वाहक आहे. तुमच्या ४ इंची नळीची भिंत ३ मिमीची असेल, तर तिच्या छेदात सुमारे ९३० चौरस मिमी पोलाद भरतं. ते शंभर-एकशेपाच चौरस मिमी तांब्याच्या बरोबरीचं झालं. अशा एका नळीतून २०० अँपिअर गेले तरी सव्वादोन मीटरमध्ये ०.०७ व्होल्टच्या आसपासच घट होते, आणि तुमच्याकडे तर दोन नळ्या आहेत. म्हणजे पुढपर्यंत दुसरी केबल नेण्यात पैसे आणि वजन वाया घालवू नका.

पण हा सगळा हिशेब त्या नळीला दोन्ही टोकांना नीट जोडणी असेल तरच खरा, आणि काम बिघडतं ते बहुतेक वेळा इथेच. पावडर कोटिंगवर (नळीच्या भाजून चढवलेल्या रंगावर) लग, म्हणजे केबलच्या टोकाचं धातूचं कडं, ठेवून बोल्ट आवळला तर वीज फक्त आट्यांमधून जाते. रिव्हेट मारलेल्या ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर अर्थ घेतला, तर दोन धातूंच्या मध्ये वर्षभरात पांढरी भुकटी जमते. त्यामुळे जागा ठरवून मुख्य नळीला १० मिमीचा स्टड (आट्यांचा खुंट) वेल्ड करून घ्या. वेल्डिंग बॅटरी आणि इंजिनचा कॉम्प्युटर गाडीत यायच्या आधीच उरकायचं. सभोवतालचा रंग रुपयाएवढा घासून लख्ख धातू काढा, लग बसवा, वर दातेरी वॉशर, नट आवळा, आणि मग बाहेरून व्हॅसलीन किंवा रंगाचा हात फिरवा. व्हॅसलीन आवळल्यानंतर.

बॅटरीच्या ऋण टोकापासून या स्टडपर्यंतची केबल ५० चौरस मिमीचीच हवी, आणि अर्ध्या मीटरच्या आत. पुढच्या टोकाला तसाच दुसरा स्टड, आणि तिथून इंजिनच्या ब्लॉकपर्यंत तितकीच जाड पट्टी. ही पट्टी शक्यतो सेल्फच्याच बोल्टवर घ्या. ती विसरली जाते, कारण पूर्वी पुढे असलेल्या बॅटरीची ऋण केबल थेट ब्लॉकवर होती. बॅटरी मागे गेल्यावर इंजिन रबरी माउंटिंगवर सांगाड्यापासून अलग पडतं. मग २०० अँपिअर वाट शोधत ॲक्सिलरेटरच्या तारेतून, गिअरच्या दांड्यांतून, गिअरबॉक्सच्या बेअरिंगमधून जातात. ॲक्सिलरेटरची तार आतून वितळून अडकलेली सापडली, तर आधी ही पट्टी आहे का ते पाहा.

लग हायड्रॉलिक क्रिंपरनेच दाबून घ्या आणि वर आतून गोंद असलेली हीटश्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी) चढवा. हातोडीने ठोकलेला किंवा नुसता डाख दिलेला लग नको. डाख तारांमध्ये वर चढतो, तिथे केबल ताठ होते आणि कंपनाने नेमकी त्या सीमेवर तुटते.

प्रश्न : केबल डिकीतून पुढे नेताना तिला फ्यूज लावायचा की नाही, यावर कुणाचंच एकमत नाही. रस्ता कसा निवडावा? – वाचक, न्यू जर्सी

उत्तर : एकमत नसण्याला कारण आहे. पुढे असलेल्या बॅटरीची सेल्फची केबल अर्धा-पाऊण मीटरची असते आणि बहुतेक गाड्यांत तिला फ्यूज नसतो. तीच केबल साडेचार मीटरची झाली आणि पेट्रोलच्या टाकीजवळून निघाली, की परिस्थिती वेगळी. कोब्राच्या प्रतिकृतींत टाकी बहुधा डिकीच्या तळाखालीच असते. चांगली बॅटरी थेट शॉर्ट झाली तर हजार-दीड हजार अँपिअर सहज देते. केबल काही सेकंदांत लाल होते.

३००-४०० अँपिअरचा सावकाश उडणारा फ्यूज बॅटरीशेजारी लावला, तर तो अशा थेट शॉर्टला उडतो. पण घासून सोललेली केबल कडेला नुसती टेकली आणि तिथून शंभर-दीडशे अँपिअर ठिणग्या टाकत गेले, तर तो शांत बसतो, आणि आग याच प्रकाराने लागते. त्यामुळे फ्यूज असला तरी भरवसा त्याच्यावर ठेवता येत नाही.

आमची पसंती वेगळ्या रचनेला आहे. जुन्या फोर्ड गाड्यांत फेंडरवर असतो तसा सेल्फचा सोलेनॉइड (विजेने जुळणारा दणकट स्विच) डिकीत, बॅटरीपासून वीतभर अंतरावर बसवा. जाड केबल त्याच्या दुसऱ्या टोकापासून पुढे जाते. चावी सेल्फवर असेल तेवढे दोन-तीन सेकंदच तिच्यात वीज असते, एरवी ती मेलेली. बाकी गाडीसाठी आणि अल्टरनेटरच्या (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्राच्या) चार्जिंगसाठी २५ चौरस मिमीची वेगळी तार न्या. अल्टरनेटर ९५ अँपिअरचा असेल तर तिला बॅटरीपासून वीतभरातच १२५ अँपिअरचा फ्यूज. ६० अँपिअर चार्जिंगला त्या तारेत ०.२ व्होल्टच्या आसपास घट होईल, ती चालते. दोन तारा, एक सोलेनॉइड, एक फ्यूज. खर्च थोडा वाढतो आणि गाडी उभी असताना वा पळताना फ्यूजशिवायची जिवंत तार टाकीजवळ उरत नाही.

रस्त्याबद्दल : पेट्रोलची नळी एका बाजूच्या मुख्य नळीवरून आणि केबल दुसऱ्या बाजूच्या. दोघी एकाच क्लिपमध्ये कधीही नको. कोब्राला बाजूने जाणारे एक्झॉस्ट असतात, त्यांच्यापासून किमान १५० मिमी लांब आणि मध्ये पत्र्याचा आडोसा. प्रोपेलर शाफ्टच्या (मागच्या चाकांकडे ताकद नेणाऱ्या दांड्याच्या) बोगद्यातून न्यायची वेळ आली तर वरच्या कोपऱ्यातून, रबर लावलेल्या पोलादी क्लिपांनी, म्हणजे सुटून शाफ्टवर लोंबायची नाही. प्लॅस्टिकचे टाय या वजनाला नकोत. दर ३०० मिमीला एक क्लिप, पत्र्यातल्या प्रत्येक भोकाला ग्रोमेट (रबरी कडं), आणि सेल्फच्या टोकावर रबरी बूट.

प्रश्न : बॅटरीशेजारी डिकीत सोलेनॉइड बसवला. गाडी चालू होते, पण चावी सोडल्यावरही सेल्फ एक-दोन सेकंद खरखरत राहतो. सोलेनॉइड बदलून पाहिला, तरी तेच. – वाचक, सॅन होजे

उत्तर : नवा सोलेनॉइडही निर्दोष आहे. तुमचा सेल्फ लहान, हलका, कायम चुंबकाचा गिअर असलेला आहे, आणि त्याच्या स्वतःच्या सोलेनॉइडची बारीक तार तुम्ही जाड केबलच्या स्टडशी जोडपट्टीने जोडली असणार. चावी सोडली की डिकीतला सोलेनॉइड केबल तोडतो. पण फिरत असलेली मोटर कायम चुंबकामुळे तेवढ्यापुरती डायनमो होते, स्वतः वीज तयार करते आणि जोडपट्टीतून आपल्याच सोलेनॉइडला धरून ठेवते. फिरणं मंदावेपर्यंत दात सुटत नाहीत. असं चालू ठेवलं तर फ्लायव्हीलची दातेरी कडी खराब होईल.

जोडपट्टी काढा. चावीकडून येणारी सेल्फची तार एका ३० अँपिअरच्या रिलेला (छोट्या प्रवाहाने मोठा प्रवाह जोडणाऱ्या स्विचला) द्या. त्या रिलेपासून दोन तारा काढा : एक डिकीतल्या सोलेनॉइडच्या छोट्या टर्मिनलला, दुसरी, ४ चौरस मिमीची, पुढे सेल्फच्या एस टर्मिनलला, म्हणजे त्याच्या स्वतःच्या सोलेनॉइडच्या बारीक तारेच्या टोकाला. चावी सोडताच दोन्ही एकदम सुटतात. रिलेला बॅटरीकडून येणाऱ्या तारेत ३० अँपिअरचा फ्यूज विसरू नका.

प्रश्न : सेव्हन घाटाची गाडी, १.६ लिटर इंजिन, तयार झाल्यावर साडेपाचशे किलो भरेल. बॅटरी इंजिनच्या मागच्या फळीवर आहे. सीटमागे न्यावी का? आयव्हीए तपासणीत (घरी बांधलेल्या गाड्यांच्या ब्रिटनमधल्या मंजुरीच्या तपासणीत) अडचण येईल का? – वाचक, स्लाव

उत्तर : नेऊ नका. सेव्हनमध्ये इंजिन मुळातच पुढच्या ॲक्सलच्या मागे सरकलेलं असतं, आणि सीटमागे पेट्रोलची टाकी आहे. मागे नेण्यात दोन-तीन किलो तांबं वाढेल आणि टाकीशेजारी ठिणगीची शक्यता येईल. त्यापेक्षा १४ किलोची बॅटरी काढून १६ अँपिअर-तासांची, सुमारे ७ किलोची एजीएम (आम्ल काचतंतूंच्या थरात शोषून ठेवलेली बंद बॅटरी) बसवा, त्याच फळीवर, डाव्या म्हणजे सोबत्याच्या बाजूला. चालक एकटा उजवीकडे बसतो, तेवढाच तोल. १.६ लिटरचं इंजिन ती बॅटरी चांगलं फिरवते.

तिची मर्यादा आधीच ओळखून ठेवा. गाडीतला अलार्म २५ मिलिअँपिअर खात असेल, तर ३० दिवसांत १८ अँपिअर-तास जातात, म्हणजे बॅटरी पूर्ण उतरते. हिवाळाभर गाडी झाकून ठेवणार असाल तर एजीएमला चालणारा मेंटेनर चार्जर जोडून ठेवा.

तरीही कुणाला सेव्हनमध्ये बॅटरी मागे न्यायचीच असेल, तर वर मिशिगनच्या वाचकांना दिलेलं अर्थिंगचं उत्तर इथे लागू नाही. सेव्हनचा सांगाडा १ इंची चौकोनी नळ्यांचा, १.६ मिमी जाडीचा. एका नळीत १५२ चौरस मिमी पोलाद, म्हणजे फार तर १७ चौरस मिमी तांबं. चार-सहा नळ्या मिळून वाट देतात हे खरं, पण जोडणी एकाच नळीवर होते आणि घट तिथेच साचते. इथे ऋण केबलही ३५ चौरस मिमीची घेऊन थेट इंजिनच्या ब्लॉकपर्यंत न्या.

तपासणीत बॅटरी हाताने हलवून पाहतील. ती जराही सरकता कामा नये. उघड्या तारांना दर ३०० मिमीला आधार लागतो.

बांधणीबद्दल सगळ्यांनाच सांगायचं आहे. आपटल्यावर २० जी, म्हणजे गुरुत्वाच्या वीसपट झटका, धरला तर १८ किलोची बॅटरी ३६० किलो वजनासारखी खेचते. ८ मिमीचा ८.८ प्रतीचा एक बोल्ट दोन टन सहज पेलतो, त्यामुळे बोल्ट तुटत नाही. बोल्टखालचा पत्रा किंवा फायबर फाटतं. २५×२५×३ मिमी अँगलची चौकट करून ती सांगाड्याच्या नळ्यांना जोडा. नुसत्या पत्र्यावर बसवणं भाग असेल तर खालून ३ मिमी जाडीच्या, तळहाताएवढ्या पट्ट्या द्या. वरची दाबपट्टी धातूची हवी, आणि ती धन टोकाला टेकू शकणार नाही अशी. फायबरच्या तळाला बॅटरी बोल्टने लावणं हे काम न केल्यासारखंच आहे.

प्रश्न : डिकीत साधी, पाण्याची बॅटरी चालेल का? – वाचक, शिकागो

उत्तर : बंदिस्त, बाहेर वायूची नळी काढलेल्या पेटीत असेल तरच. चार्ज होताना ती हायड्रोजन सोडते आणि हवेत ४ टक्के हायड्रोजन झाला की ठिणगीला पेट घेतो. बाजूला वायूचं भोक असलेली बॅटरी मिळते. एका बाजूचं भोक बुचाने बंद, दुसऱ्याला नळी, आणि नळी तळातून बाहेर, कुठेही न दबता. एजीएमलाही व्हॉल्व्ह असतो आणि रेग्युलेटर बिघडून १५ व्होल्टच्या पुढे चार्जिंग गेलं की तीही वायू सोडते, तेव्हा नळीचा कंटाळा तिथेही करू नका.

प्रश्न : मागच्या बाजूला कट-ऑफ स्विच बसवला. तो बंद केला तरी इंजिन चालूच राहतं. ड्रॅग स्ट्रिपवर (सरळ रेषेतल्या शर्यतीच्या पट्ट्यावर) यामुळे गाडी नाकारली. – वाचक, टेक्सास

उत्तर : नाकारली ते योग्यच झालं. तुमचा स्विच फक्त बॅटरी तोडतो. अल्टरनेटरची तार स्विचच्या गाडीकडच्या बाजूला आहे, त्यामुळे बॅटरी गेली तरी अल्टरनेटर इग्निशनला वीज देत राहतो. शिवाय चार्जिंग चालू असताना बॅटरी अशी एकदम तोडली तर अल्टरनेटरचा व्होल्टेज क्षणभर ८० च्याही पुढे उसळू शकतो. डायोड आणि इंजिनचा कॉम्प्युटर जायला तेवढं पुरतं. पुन्हा चाचणी म्हणून तसा बंद करू नका.

दोन उपाय आहेत. दोन टोकांचाच स्विच ठेवायचा असेल तर अल्टरनेटरची तार वेगळी काढून स्विचच्या बॅटरीकडच्या बाजूला न्या, फ्यूज बॅटरीजवळ लावून. स्विच बंद झाला की इग्निशनची वीज जाते, इंजिन थांबतं, आणि अल्टरनेटरला तोपर्यंत बॅटरी जोडलेली राहते. उणीव एवढीच की ती एक तार स्विच बंद असतानाही जिवंत असते. वर सांगितलेली एकाच २५ चौरस मिमी तारेची रचना ज्यांनी केली आहे, त्यांना यासाठी अल्टरनेटर आणि गाडीचा पुरवठा वेगळे करावे लागतील.

दुसरा उपाय सहा टोकांचा शर्यतीचा स्विच. दोन मोठी टोकं बॅटरीला, एक छोटी जोडी इग्निशन तोडते, आणि दुसरी छोटी जोडी स्विच बंद होताना उलट जुळते आणि अल्टरनेटरची उरलेली वीज ३ ओम, ११ वॉटच्या रोधातून अर्थला सोडते. रोध सोबत येतो. तो जोडला नाही, तर हा स्विचही अर्धाच.

एनएचआरए या ड्रॅग शर्यतींच्या अमेरिकी संघटनेच्या नियमांत हलवलेल्या बॅटरीसाठी हा स्विच धन बाजूला, गाडीच्या मागच्या टोकाशी, बाहेरून पोहोचता येईल असा लागतो. दांडीचा असेल तर ढकलल्यावर बंद होणारा. बॅटरी किमान दोन ३/८ इंची बोल्टांनी सांगाड्याला हवी, चालक बसतो त्या भागात चालत नाही. डिकीत असेल तर मध्ये धातूची भिंत, किंवा ०.६ मिमी पोलादाची वा ०.८ मिमी ॲल्युमिनियमची बंद पेटी, बाहेर वायुनळी काढलेली.

प्रश्न : बॅटरी मागे नेल्यापासून सकाळी गाडी एका झटक्यात चालू होते, पण तापलेली बंद केली की सेल्फ कण्हतो. बॅटरी नवी आहे. – वाचक, लेस्टर

उत्तर : तापल्यावर तांब्याचा रोध वाढतो : २० अंशांवरून ८० अंशांवर गेला की जवळजवळ पाव पट जास्त. एक्झॉस्टशेजारच्या सेल्फच्या आतल्या गुंडाळ्यांचंही तेच होतं. थंडीत कसंबसं निभावणारी जोडणी मग उघडी पडते. अंदाजाने भाग बदलण्याआधी मोजा.

इग्निशनचा फ्यूज काढा, म्हणजे इंजिन फिरेल पण चालू होणार नाही. इंजिन तापलेलं असतानाच मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा. लाल काडी बॅटरीच्या धन खुंट्यावर, क्लॅम्पवर नव्हे; काळी सेल्फच्या जाड स्टडवर. दुसऱ्याला चार-पाच सेकंद सेल्फ मारायला सांगा. आकडा ०.३ च्या आसपास असेल तर ही बाजू ठीक. मग काळी काडी बॅटरीच्या ऋण खुंट्यावर, लाल इंजिनच्या ब्लॉकवरच्या उघड्या धातूवर. इथे ०.२ पेक्षा जास्त आलं, तर अर्थिंग दोषी. लाल काडी ब्लॉकवरून पुढच्या स्टडवर, मग मागच्या स्टडवर, मग ऋण लगवर अशी मागे मागे आणा आणि दर वेळी सेल्फ मारा. ज्या दोन जागांमध्ये आकडा एकदम घसरतो, तिथली जोडणी उघडून घासायची.

दोन्ही बाजू मिळून अर्ध्या व्होल्टच्या आत असतील आणि सेल्फ मारताना बॅटरीच्या खुंट्यांवर ९.६ व्होल्टच्या वर दिसत असेल, तर केबल निर्दोष आहे. मग सेल्फ आणि एक्झॉस्ट यांच्यामध्ये पत्र्याचा आडोसा घाला, आणि तरीही कण्हत असेल तर सेल्फ खोलून बुशिंग आणि ब्रश पाहा.